विमानाचे जन्मगाव आणि तहाचे हॉटेल: डेटन शहराचा इतिहास

१/
अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन हे मध्यम आकाराचे शहर. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार आहे. १९६० मध्ये ती २ लाख ६२ हजार होती. शहराच्या ईशान्येस, राइट-पॅटरसन हवाई तळाच्या वेशीवर एक साधे हॉटेल आहे. सैनिकांचे मनोरंजन करण्यासाठी दशकानुदशके देशोदेशीच्या छावण्यांत फिरलेले विनोदवीर बॉब होप यांच्या नावाने ते ‘होप हॉटेल’ म्हणून ओळखले जाते. १९९५ च्या नोव्हेंबरात याच हॉटेलात आणि लगतच्या अधिकारी निवासांत बोस्नियाचे युद्ध थांबवणारा तह ठरला.

२/
या हॉटेलाभोवतीच्या काही मैलांच्या परिसरात आणखी बरेच काही आहे: माणूस विमान चालवायला जेथे शिकला ते कुरण, धरणापायी जागचे हलवलेले एक गाव, नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारे विमान, गुलामगिरीतून सुटलेल्या मातापित्यांच्या कवीपुत्राचे घर. पर्यटकांच्या यादीत ही ठिकाणे सुटी सुटी येतात. कालक्रमाने मांडली की मात्र त्यांतून एकच प्रश्न पुढे येतो: युद्धे अशक्य करील अशा आशेने घडवलेल्या यंत्राचे पुढे काय झाले?

३/
आरंभ शहराच्या पश्चिम भागातील साउथ विल्यम्स स्ट्रीटवरील विटांच्या इमारतीपासून करावा लागतो. १८९५ ते १८९७ या काळात विल्बर आणि ऑर्विल राइट यांचे सायकलींचे दुकान येथे होते. विल्बर यांचा जन्म १८६७ मध्ये इंडियाना राज्यात झाला, तर ऑर्विल यांचा १८७१ मध्ये डेटनमध्येच. दोघेही महाविद्यालयात गेले नाहीत. आधी छापखाना, मग सायकली, हा त्यांचा व्यवसाय. आज ही इमारत १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘डेटन एव्हिएशन हेरिटेज’ या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे.

४/
त्यांचे राहते घर आणि नंतरचे दुकान आज डेटनमध्ये नाही. मोटारउद्योगपती हेन्री फोर्ड यांनी १९३० च्या दशकात ती दोन्ही विकत घेऊन मिशिगनमधील आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेली. पहिले विमान ज्या दुकानात घडले, ते दुकान पाहण्यासाठी आज दुसऱ्या राज्यात जावे लागते. वारसा जपणे आणि तो त्याच्या मातीत जपणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या स्थलांतरावरून ध्यानात येते.

५/
राइट बंधूंचे खरे यश १७ डिसेंबर १९०३ च्या आधीच सुरू झाले होते. १९०१ मध्ये पंखांच्या उचलशक्तीची प्रचलित कोष्टके आपल्या प्रयोगांशी जुळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी दुकानातच सुमारे सहा फूट लांबीचा वातबोगदा तयार केला आणि सुमारे २०० छोट्या पंखांच्या आकारांची पद्धतशीर चाचणी घेतली. मान्यवरांच्या आकड्यांवर विसंबण्याऐवजी स्वतः मोजमाप घेण्याचा हा निर्णय त्यांच्या सगळ्या पुढील कामाचा पाया ठरला.

६/
१९०३ चे पहिले उड्डाण उत्तर कॅरोलायनातील किटी हॉकजवळ झाले: १२ सेकंद आणि १२० फूट. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंद टिकले आणि ८५२ फूट अंतर पार करून गेले. परंतु हे यंत्र सरळ रेषेत कसेबसे उडत होते. वळणे, उंची राखणे, हवे तेथे उतरणे हे सारे शिकायचे होते. ते शिक्षण डेटनमध्ये झाले, आणि त्याची जागा होप हॉटेलापासून अगदी जवळ आहे.

७/
ती जागा म्हणजे हफमन प्रेअरी: ८४ एकरांचे कुरण. मालक टॉरेन्स हफमन हे डेटनमधील बँकचालक. त्यांनी भाडे घेतले नाही. एवढीच अट घातली की उड्डाणापूर्वी तेथे चरणारी गुरे बाजूला हाकावीत. शहरातून येणारी विद्युत ट्राम कुरणाशेजारच्या सिम्स स्टेशनवर थांबत असे. राइट बंधू रोज त्याच ट्रामने कामावर जात. किटी हॉकसारखा जोराचा वारा येथे नव्हता. म्हणून उंच मनोऱ्यावरून जड वजन खाली सोडून विमानाला आरंभीचा वेग देण्याची युक्ती त्यांनी वापरली.

८/
२० सप्टेंबर १९०४ रोजी विल्बर यांनी येथे हवेत पहिले पूर्ण वर्तुळ काढले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांनी सलग ३९ मिनिटे उड्डाण करून सुमारे २४ मैल अंतर कापले. इंधन संपेपर्यंत उडून सुखरूप उतरणारे, वैमानिकाच्या हुकमतीत राहणारे विमान या दिवशी सिद्ध झाले. किटी हॉकला विमानाचा जन्म झाला असे म्हटले, तर ते चालायला शिकले ते या गुरांच्या कुरणात.

९/
शेजारून ट्राम जात असूनही वृत्तपत्रांनी या उड्डाणांकडे बहुतांशी दुर्लक्ष केले. १९०४ च्या वर्तुळाकार उड्डाणाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त प्रथम छापला तो मधमाश्यापालनाला वाहिलेल्या एका नियतकालिकाने, जानेवारी १९०५ मध्ये. त्याचे संपादक एमोस रूट हे स्वतः कुरणावर हजर होते. युगप्रवर्तक घटनेची पहिली सविस्तर बातमी मधाच्या पोळ्यांविषयीच्या लेखांशेजारी आली. समकालीन साधने नेहमी अपेक्षित जागीच सापडतात असे नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने येथे नोंदवून ठेवावे.

१०/
मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येणे स्वाभाविक आहे. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे सांगितले जाते. तळपदे ही खरी, जिज्ञासू व्यक्ती होती. परंतु त्या उड्डाणाचा पडताळता येईल असा समकालीन पुरावा समोर आलेला नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये केला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

११/
राइट बंधूंचा दावा टिकला तो त्यांच्या देशाच्या सामर्थ्यामुळे नव्हे. रोजनिशीतील नोंदी, छायाचित्रे, तारा, साक्षीदार आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष यंत्र उपलब्ध आहे म्हणून तो टिकला. १९०५ चे ‘राइट फ्लायर ३’ हे विमान आज डेटनच्या कॅरिलन पार्कमध्ये आहे. त्याच्या जीर्णोद्धारावर ऑर्विल यांनी स्वतः देखरेख केली. दालनाचा मधला भाग खोलगट ठेवला आहे. प्रेक्षक कडेला उभा राहून विमानाकडे वरून पाहतो. डोळ्यांसमोर असतात त्या पंखांच्या दोऱ्या, साखळ्या आणि सायकलवाल्यांचे हात.

१२/
या सायकलवाल्यांच्या छापखान्याशी आणखी एक नाव जोडलेले आहे. पॉल लॉरेन्स डनबार हा ऑर्विल यांचा शाळासोबती आणि आपल्या वर्गातील एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्याचे आईवडील केंटकी राज्यात गुलामगिरीत वाढले होते. १८९० मध्ये त्याने डेटनच्या कृष्णवर्णीय वाचकांसाठी ‘डेटन टॅटलर’ हे वृत्तपत्र काढले. छापले ते राइट बंधूंनी. त्याचे तीनच अंक निघू शकले.

१३/
शाळेच्या नियतकालिकाचा संपादक राहिलेल्या या तरुणाला वर्णभेदामुळे कचेरीतले काम मिळाले नाही. आठवड्याला चार डॉलर पगारावर तो एका इमारतीत लिफ्ट चालवू लागला. आपला पहिला कवितासंग्रह त्याने लिफ्टमधून ये-जा करणाऱ्यांना एक डॉलरला विकला. पुढे त्याला देशभर कीर्ती मिळाली. १९०४ मध्ये त्याने आईसाठी डेटनमध्ये घर घेतले आणि १९०६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, क्षयाने त्याचे निधन झाले. आई मटिल्डा १९३४ पर्यंत त्याच घरात राहिली. म्हणूनच त्याची अभ्यासिका आणि टंकलेखन यंत्र आज पाहता येते.

१४/
एकाच शहरात, एकाच शाळेत, एकाच काळात वाढलेल्या या दोन तरुणांपैकी एकाला आकाश मोकळे होते आणि दुसऱ्याला लिफ्टचा पिंजरा मिळाला. दोघांची बुद्धी समाजाला दिसत होती; तिला वाव कोठवर द्यायचा हे समाजाने त्वचेच्या रंगावरून ठरवले. म्हणून साउथ विल्यम्स स्ट्रीटवरील दुकान आणि डनबार यांचे घर ही दोन ठिकाणे एकत्रच पाहिली पाहिजेत. ती एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि आज एकाच राष्ट्रीय उद्यानात मोडतात.

१५/
मार्च १९१३ मध्ये या शहरावर जलप्रलय कोसळला. डेटन हे ग्रेट मायामी नदी आणि तिच्या उपनद्यांच्या संगमावर वसलेले. ईस्टरच्या रविवारापासून मुसळधार पाऊस सुरू झाला आणि २५ मार्च रोजी बांध फुटले. मध्यवर्ती भागात काही ठिकाणी २० फुटांपर्यंत पाणी चढले. मायामी खोऱ्यात ३६० हून अधिक माणसे दगावली. राइट बंधूंच्या छायाचित्रांच्या काचेच्या मूळ प्रती चिखलपाण्यात सापडल्या. पहिल्या उड्डाणाची प्रत थोड्या इजेवर निभावली. १९०३ चे विमान ज्या पेट्यांत होते, त्यांनाही पुराने वेढले.

१६/
या संकटात पुढे आलेला पुरुष म्हणजे जॉन पॅटरसन, ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ या गल्लायंत्रांच्या कारखान्याचा मालक. कारखान्यात त्याने जवळपास ३०० सपाट बुडाच्या नावा करवल्या, निराश्रितांना आसरा आणि अन्न दिले. विशेष हे की अवघ्या महिन्याभरापूर्वी, फेब्रुवारी १९१३ मध्ये, स्पर्धकांना बेकायदा मार्गांनी संपवल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवले होते आणि एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा झाली होती. १९१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. व्यापारातील निष्ठुरपणा आणि पुरातील उदारता एकाच माणसात नांदत होती. इतिहासाने त्यांपैकी एकच बाजू निवडण्याचे कारण नाही.

१७/
पुरानंतर नागरिकांनी २० लाख डॉलरहून अधिक निधी उभारला. अभियंता आर्थर मॉर्गन यांच्या योजनेनुसार १९२२ पर्यंत पाच ‘कोरडी धरणे’ पूर्ण झाली. त्यांच्यामागे एरवी पाणी साठत नाही. नदी धरणाच्या पोटातील ठरावीक मापाच्या बोगद्यांतून वाहत राहते. पूर आला की बोगद्यांत मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, उरलेले मागच्या मोकळ्या जमिनीवर पसरते आणि सावकाश ओसरते. दरवाजे नाहीत, चालवायला माणूस लागत नाही. ही व्यवस्था आजही डेटनचे रक्षण करते.

१८/
परंतु मोकळी जमीन म्हणजे कोणाची जमीन? मॅड नदीवरील हफमन धरणाच्या पूरक्षेत्रात ऑस्बॉर्न हे गाव येत होते. ते तेथून हलवावे लागले. १९२० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ४०० घरे पायापासून उचलून, यंत्रांच्या साहाय्याने ओढत, फेअरफील्ड गावाशेजारी नेली गेली. १९५० मध्ये दोन्ही गावे एक झाली आणि ‘फेअर’ व ‘बॉर्न’ यांच्या जोडणीतून फेअरबॉर्न हे नाव तयार झाले. होप हॉटेल याच फेअरबॉर्नला लागून आहे. राइट बंधूंचे कुरणही त्याच पूरक्षेत्रात आणि पुढे हवाई तळाच्या हद्दीत आले. त्यामुळे त्यावर वस्ती झाली नाही आणि ते शाबूत राहिले. एका गावाच्या विस्थापनाचे कारण आणि एका वारशाच्या रक्षणाचे कारण असे एकच ठरले.

१९/
धरणांच्या या कथेचा एक धागा भारतापर्यंत येतो. मॉर्गन १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच प्राधिकरणाचा आदर्श ठेवून भारतात १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. १९४८-४९ च्या डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाचे मॉर्गन हे स्वतः सदस्य होते, आणि ग्रामीण विद्यापीठांच्या कल्पनेचे ते आग्रही पुरस्कर्ते होते.

२०/
विल्बर १९१२ मध्ये विषमज्वराने गेले. ऑर्विल १९१४ पासून ओकवुड उपनगरातील ‘हॉथॉर्न हिल’ या प्रासादतुल्य घरात राहू लागले. आपण आणि आपल्या भावाने विमान घडवले तेव्हा त्यामुळे यापुढील युद्धे जवळजवळ अशक्य होतील असे वाटले होते, अशा अर्थाचे पत्र त्यांनी १९१७ मध्ये लिहिले. शत्रूच्या हालचाली वरून दिसू लागल्या की अचानक हल्ला करणे निरर्थक ठरेल, हा त्यामागचा तर्क. मात्र १९०९ मध्ये अमेरिकी सैन्याला पहिले विमान ३० हजार डॉलरना विकले ते राइट बंधूंनीच, हेही विसरता येत नाही.

२१/
दुसऱ्या महायुद्धात याच ओकवुडमध्ये एका धनाढ्य कुटुंबाच्या खाजगी नाट्यगृहात गुप्त प्रयोगशाळा थाटली गेली. तेथे पोलोनियम शुद्ध करण्याचे काम चाले. अणुबॉम्बमधील विखंडनाची साखळी नेमक्या क्षणी सुरू करणाऱ्या घटकासाठी ते लागे. शेजाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. युद्धानंतर वास्तू परत करण्याचे वचन होते. पण ती किरणोत्सर्गाने इतकी दूषित झाली होती की १९५० मध्ये ती पाडावी लागली. ऑर्विल यांचे घर त्याच उपनगरात होते.

२२/
९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमध्ये डेटनचे पोलोनियम होते. तो टाकणारे ‘बॉक्सकार’ हे विमान १९६१ मध्ये डेटनला आणले गेले. आज ते अमेरिकी हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभे आहे. १९२३ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय १९७१ पासून सध्याच्या जागी आहे. साडेतीनशेहून अधिक विमाने व क्षेपणास्त्रे असूनही प्रवेश विनामूल्य. केनेडी यांच्या हत्येनंतर ज्यात जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, ते विमानही येथेच आहे. ऑर्विल ३० जानेवारी १९४८ रोजी निवर्तले. भारतीयांना ही तारीख वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: त्याच दिवशी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली.

२३/
आता १९९५ कडे वळता येते. १९९२ पासूनच्या बोस्निया युद्धात सुमारे एक लाख माणसे मेली आणि वीस लाखांहून अधिक बेघर झाली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे ८ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष व मुलांची कत्तल झाली. ३० ऑगस्टपासून नाटोच्या विमानांनी बोस्नियन सर्बांच्या ठाण्यांवर तीन आठवडे मारा केला. त्यानंतर सर्बियाचे मिलोशेविच, क्रोएशियाचे तुज्मन आणि बोस्नियाचे इझेतबेगोविच हे तिघे राष्ट्राध्यक्ष डेटनला आले. मुख्य मध्यस्थ होते अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक. पत्रकारांपासून दूर, पुरेपूर सुरक्षित आणि सर्वांना एकाच आवारात ठेवता येईल अशी जागा म्हणून हा तळ निवडला होता.

२४/
शिष्टमंडळे हाकेच्या अंतरावरील वेगवेगळ्या इमारतींत उतरली होती. मध्यस्थ एकाकडून दुसऱ्याकडे निरोप नेत. पाहुण्यांना हवाई संग्रहालयात लढाऊ विमानांच्या सान्निध्यात भोजन देण्यात आले. त्यातील सूचना कोणाला कळली नसेल असे नाही. गोराझ्दे शहराला साराजेव्होशी जोडणाऱ्या पट्ट्यावरून बोलणी अडली, तेव्हा सैन्याच्या संगणकीय उड्डाणदर्शकावर मिलोशेविच यांना त्या डोंगरदऱ्यांवरून ‘फिरवण्यात’ आले. पडद्यावरील भूगोलापुढे अरुंद पट्ट्याचा हट्ट टिकला नाही. अधिक रुंद पट्टा मान्य झाला.

२५/
२१ नोव्हेंबर रोजी करारावर आद्याक्षरे झाली; १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या. बोस्निया एकच देश राहिला, पण ५१ आणि ४९ टक्के भूमीच्या दोन घटकांत विभागलेला. कत्तल थांबली. मात्र कराराच्या एका परिशिष्टातच देशाची राज्यघटना होती, आणि तिने सर्वोच्च पदे तीन जमातींत वाटून टाकली. ज्यू आणि रोमा नागरिकांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही, हा भेदभाव असल्याचा निवाडा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये दिला. युद्ध थांबवण्यासाठी बांधलेली चौकट शांततेच्या काळात बेडी ठरू शकते, हे डेटन कराराचे अपूर्ण राहिलेले प्रकरण आहे.

२६/
राइट बंधू, डनबार आणि पॅटरसन हे सारे डेटनच्या वुडलँड दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत. १९१७ च्या पत्रातील ऑर्विल यांच्या आशेला या शहराने दिलेले उत्तर सरळ नाही. वरून पाहण्याच्या शक्तीने नागासाकी जाळले, आणि तिनेच गोराझ्देची वाट मोकळी केली. यंत्राने स्वतःहून यांतले काहीच केले नाही. दोन्ही वेळा एका खोलीत बसलेल्या माणसांनी निर्णय घेतला होता. त्या निर्णयांच्या खुणा डेटनमध्ये अर्ध्या तासाच्या अंतरात आहेत आणि जाणाऱ्याला ती एकाच दिवसात पाहता येतात.